हक्क हा शब्द कवितेत उशिरा येऊ द्या

प्रश्न असा आहे : १३ ते १७ वयाच्या मुलामुलींबरोबर मानवी हक्कांवर काम करायचं आहे. जाहीरनाम्यातली कलमं वाचून दाखवली की मुलं जांभया देतात. कवितेचा उपयोग होईल का, आणि होत असेल तर नेमकं करायचं काय?

उपयोग होतो, आणि चांगला होतो. पण बहुतेक ठिकाणी सुरुवातच उलट्या टोकाने होते. फळ्यावर 'समता' किंवा 'न्याय' असा शब्द लिहायचा आणि मुलांना त्यावर कविता करायला सांगायची. मग वीस कागदांवर एकच कविता येते : यमक जुळलेली, घोषणेसारखी, कुणाचीच नसलेली. यात मुलांची चूक नाही. हक्कांची भाषा मुद्दामच सर्वसाधारण ठेवलेली असते, कारण ती सगळ्यांना लागू व्हायची असते. कवितेला मात्र एक दार लागतं, एक रांग लागते, एका माणसाचं नाव लागतं. म्हणून मुलांनी वस्तूपासून निघून कलमापर्यंत पोचावं. कलमापासून निघालं की कविता त्या कलमाची सजावट होऊन बसते. 'हक्क' हा शब्द जितका उशिरा येईल तितका तो मुलांचा स्वतःचा होतो.

तयारी आधी तुमची. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये स्वीकारला गेला, त्यात ३० कलमं आहेत. संयुक्त राष्ट्रांचीच बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ ची, तिच्यात ५४ कलमं. दोन्ही एकदा शांतपणे वाचून काढा, पण मुलांसमोर सगळं ओतू नका. आठच कलमं निवडा आणि एकेक कलम एकेका चिठ्ठीवर, दोन सोप्या वाक्यांत लिहा. जाहीरनाम्यातली १२ (खासगीपणा), १३ (फिरण्याचं स्वातंत्र्य), १५ (राष्ट्रीयत्व), १९ (मत मांडणं), २४ (विश्रांती), २५ (अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार) आणि २६ (शिक्षण), आणि बालहक्क संहितेतलं १२ (मुलांचं म्हणणं ऐकून घेतलं जाणं) ही निवड बहुतेक गटांत चालते. छळाविषयीचं पाचवं कलम पहिल्या सत्रात घेऊ नका. ते तेवढं गंभीर आहे म्हणूनच ते ओळख नसलेल्या गटात काढायचं नसतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये मानवी हक्क शिक्षणाविषयी एक जाहीरनामा स्वीकारला. त्यात तीन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत : हक्कांविषयी शिकणं, हक्क पाळले जातील अशा रीतीने शिकणं आणि हक्क वापरता यावेत यासाठी शिकणं. कवितेच्या सत्रात सर्वांत जास्त दुर्लक्ष मधल्या गोष्टीकडे होतं. खासगीपणाच्या कलमावर कविता लिहून घ्यायची आणि मग ती मुलाच्या हातातून ओढून सगळ्यांसमोर वाचायची, असं झालं तर मूल त्या कलमाबद्दल जे शिकायचं ते शिकून जातं.

गट १५ ते २४ जणांचा असावा. त्याहून मोठा झाला की प्रत्येकाच्या कागदाजवळ थोडा वेळही बसता येत नाही. मोठी माणसं दोन हवीत. एकाने सत्र घ्यायचं, दुसऱ्याने फक्त लक्ष ठेवायचं आणि एखाद्या मुलाला बाहेर जावंसं वाटलं तर त्याच्यासोबत जायचं. ९० मिनिटांची दोन सत्रं, मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर. हे अंतर चैन म्हणून नाही, स्वतःचं लिहिलेलं परक्या नजरेने वाचता यायला तेवढा वेळ लागतो. प्रत्येकाला दोन कोरे कागद आणि पेन्सिल द्या, खोडरबर देऊ नका. खोडायचं ते रेघ मारून खोडावं, कारण खोडलेल्या ओळीतच पुष्कळदा खरी कविता सापडते. वाचनाला गोल बसा, लिहिताना मात्र खुर्च्या भिंतीकडे वळवा. शेजाऱ्याला कागद दिसत असेल तर मूल शेजाऱ्यासाठी लिहितं.

पहिल्या दहा मिनिटांत ठरावाच्या चार गोष्टी सांगा. वाचून दाखवायचं की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. कागद लिहिणाऱ्याचा, तो घरी न्यावा नाहीतर फाडून टाकावा. लिहिलेलं खरं की कल्पित, हे गटात कुणी विचारायचं नाही. आणि चौथी, जी सांगायला बरेच जण कचरतात : कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं माझ्या लक्षात आलं, तर मी ते पोटात ठेवू शकणार नाही, जबाबदार माणसाला सांगेन. हे लिहिण्याच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात होतो.

मग एक कविता ऐकवा, १२ ते २० ओळींची, जिच्यात हाताला लागतील अशा वस्तू आहेत आणि जिच्यातलं माणूस काहीतरी ठरवतं किंवा करतं. दोन वेगळ्या आवाजांत दोनदा वाचा, मध्ये एक मिनिट काहीही न बोलता जाऊ द्या. 'कवीला काय म्हणायचं आहे?' हा प्रश्न विचारू नका. त्यावर मुलं तुमच्या मनातलं उत्तर शोधायला लागतात. त्याऐवजी विचारा : कोण बोलतंय, कुणाशी? कवितेत आहे पण बोलत नाही असं कोण आहे? कुठली वस्तू अजून डोळ्यांसमोर आहे? दुसऱ्या प्रश्नावर थांबा. जो कवितेत असूनही बोलत नाही त्याच्यापासूनच हक्कांची चर्चा सुरू होते, आणि तुम्ही त्या शब्दाचा उच्चारही केलेला नसतो.

यानंतर यादी. प्रत्येकी दोन-तीन मिनिटं, चार सूचना : जिथे ताटकळत थांबावं लागलं अशा जागा, ज्यांना आतून कडी नव्हती अशी दारं, कुणीतरी चुकीचं लिहिलेलं किंवा मुद्दाम बिघडवून घेतलेलं नाव, आणि जी वस्तू मागावी लागायला नको होती ती. वाक्यं नकोत, नुसती नामं. चारांमागे चार कलमं दडलेली आहेत, पण ते आता सांगायचं नाही. प्रत्येकाने यादीतली एकच गोष्ट निवडायची. सर्वांत दुखरी निवडू नका, असं स्पष्ट सांगा. 'जिच्याबद्दल आज लिहायला हरकत नाही अशी' हे शब्द वापरा.

लिहायला २० मिनिटं. अटी मोजक्या, पण कडक. हक्क, न्याय, अन्याय, समता, स्वातंत्र्य, माणुसकी, समाज हे सात शब्द बंद. हात लावता येईल अशा किमान तीन वस्तू हव्यात. कुणीतरी खरोखर बोललेलं एक वाक्य, जसंच्या तसं. एक वेळ किंवा एक जागा. यमक जुळवायचं नाही. हे शेवटचं मुलांना जड जातं, कारण यमक नाही म्हणजे कविता नाही असं त्यांना वाटतं. वाद घालू नका. 'दुसऱ्या सत्रात हवं तर जुळवू' म्हणा, तोवर बहुतेकांना त्याची गरज उरत नाही. ज्यांना बांधीव रचना हवीच असेल त्यांना यमक देण्यापेक्षा अक्षरसंख्या द्या. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही मोजणी चालते. शेवटच्या चार अक्षरांत मावायचं म्हणजे फापटपसारा आपोआप गळतो.

भाषा घरची चालेल, हे नुसतं चालवून घेऊ नका, मोठ्याने सांगा. कच्च्या खर्ड्यात शुद्धलेखनाच्या खुणा केल्या की पुढच्या ओळीपासून मूल तुमच्या भाषेत लिहायला लागतं आणि कविता तिथेच संपते.

आता एक नमुना जवळून पाहू. या वयाच्या गटात सर्वांत जास्त येणारी कविता साधारण अशी असते (उदाहरणासाठी रचलेली आहे) :

रस्त्यावरचं ते गरीब मूल,
डोळ्यांत त्याच्या आसवांचं फूल,
कधी मिळेल त्याला न्याय,
माणुसकी का झाली असहाय?

हेतू चांगला आहे, तो मोडू नका. पण यात त्या मुलाने काय केलं? काहीच नाही. ते फक्त रडतंय, तेही 'मूल'ला यमक हवं म्हणून. ही कणवेची कविता आहे. कणव आणि हक्क यांत फरक आहे, आणि तो शिकवायची यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. कणव वाटली तर आपण काही देऊ, नाही वाटली तर देणार नाही. हक्क मात्र आपल्याला काय वाटतं यावर अवलंबून नसतो. लिहिणाऱ्याला दोष न देता चार प्रश्न विचारा : त्याच्या हातात काय होतं? किती वाजले होते? ते काय करत होतं? तुला जमत नाही असं त्याला काय जमत होतं? उत्तरांतून दुसरा खर्डा असा काहीसा येतो :

सकाळी साडेदहाला सिग्नल लाल होतो.
ती बोटांवर मोजते : साठ, एकोणसाठ.
साठ सेकंदांत सात गाड्यांच्या काचा.
उलटी मोजणी तिची माझ्यापेक्षा पक्की.
माझ्या दप्तरात गणिताचं पुस्तक,
काच वर केलेली.

इथे 'न्याय' हा शब्द नाही, रडणं नाही. पण साडेदहाची वेळ शाळेची आहे, हे वाचणाऱ्याला स्वतःच कळतं. ती हुशार आहे, हेही. आणि बोलणारा कुठे बसलाय ते शेवटच्या ओळीत उघडं पडतं. चौथ्या प्रश्नाने सर्वांत मोठा फरक पडला. ज्याच्याविषयी लिहितोय त्याला एक कौशल्य, एक इच्छा किंवा एक नकार मिळाला की ते माणूस होतं.

याच कारणासाठी 'कल्पना करा, तुम्ही निर्वासित आहात' असली सूचना देऊ नये. दुसऱ्याचं दुःख 'मी' म्हणून अंगावर घेतलं की ऐकीव प्रतिमा बाहेर पडतात. आणि त्या गटात ते आयुष्य खरोखर जगणारं मूल असलं, तर त्याला आपलं जगणं इतरांनी नाटकासारखं वाचून दाखवलेलं ऐकावं लागतं. अंतर हवं असेल तर वस्तूला बोलू द्या. कुलूप, रांगेचा क्रमांक, रिकामी खुर्ची किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी गेलेली चप्पल. नाहीतर साक्षीदाराची जागा घ्या : मी पाहिलं, आणि मी काय केलं किंवा केलं नाही.

वाचन आधी जोड्यांत, २० मिनिटं. ऐकणाऱ्याने मत द्यायचं नाही, लक्षात राहिलेली एक ओळ परत म्हणून दाखवायची. उरलेली दहा मिनिटं गटाला द्या, ज्यांना आवडेल त्यांनी वाचावं. कुणीच पुढे आलं नाही तर गप्प बसायची तयारी ठेवा. 'चला, कोण धाडस करतंय?' असं म्हणू नका.

दुसऱ्या सत्रात पहिली २५ मिनिटं पुनर्लेखन, आणि इथे मराठी भाषाच तुमच्या बाजूने उभी राहते. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. कवितेतला एक 'आम्ही' बदलून 'आपण' करायला सांगा, किंवा उलट करायला सांगा, आणि दोन्ही खर्डे वाचा. कुणाला आत घेतलं, कुणाला दाराबाहेर ठेवलं, हे मुलांना कानाने कळतं. तसंच 'अरे-तुरे'. एकाच वाक्यात समोरच्याला आधी 'तू' आणि मग 'तुम्ही' म्हणा. कामावर येणाऱ्या मोठ्या माणसाला कोण 'तू' म्हणतं, आणि त्याच वयाच्या दुसऱ्या कुणाला 'तुम्ही' म्हणतं? १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातली 'समान प्रतिष्ठा' म्हणजे काय, ते या सर्वनामात सापडतं.

भाषेची एक अडचणही आहे, ती माहीत असू द्या. कविता निनावी वाचायची ठरली तरी 'मी गेले', 'मी बसलो' यातून लिहिणारं मुलगी की मुलगा ते उघड होतं, आणि लहान गटात तेवढ्यावरून नाव काढता येतं. उपाय सोपा आहे : 'मला दिसलं', 'मला थांबावं लागलं', 'मी दार ओढलं' अशी वाक्यं लिहायची. यात क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगत नाही. हस्ताक्षरावरूनही ओळख पटते, म्हणून निनावी वाचायच्या कविता तुम्ही स्वतः उतरवून घ्या.

एका शब्दाने किती फरक पडतो याला जाहीरनाम्याच्याच इतिहासात दाखला आहे. मसुद्याच्या पहिल्या कलमात इंग्रजीत 'ऑल मेन' असे शब्द होते. मानवी हक्क आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला, आणि तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं. पुनर्लेखन म्हणजे नुसती सफाई, असं म्हणणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

मग ३५ मिनिटं चिठ्ठ्या. आठ चिठ्ठ्या जमिनीवर अंतराने ठेवा. प्रत्येकाने आपल्या कवितेतली एकच ओळ कागदाच्या पट्टीवर लिहून जवळच्या चिठ्ठीपाशी ठेवायची. मुलं लगेच अडतात, कारण ओळ दोन-तीन चिठ्ठ्यांना लागू पडते. सिग्नलवरची मुलगी २६ व्या कलमात आहे, पण २४ मध्येही आहे, आणि मुलांच्या आर्थिक शोषणाविषयीचं बालहक्क संहितेतलं ३२ वं कलम तर तुमच्या चिठ्ठ्यांत नाहीच. कोरी चिठ्ठी ठेवून ते आत्ता लिहून टाका. हक्क एकमेकांत गुंतलेले असतात, हे सांगण्यापेक्षा पट्टी कुठे ठेवावी यावर मुलांना भांडू देणं बरं.

काही पट्ट्या कुठेच बसत नाहीत. जिवलग मैत्रीण बोलेनाशी झाली, यात दुःख खरं आहे, हक्काचं उल्लंघन नाही. अशी पट्टी कमी लेखू नका आणि ओढूनताणून कलमातही बसवू नका. 'दुखावणं, अन्याय वाटणं आणि हक्क नाकारला जाणं' यांच्या सीमा इथेच स्पष्ट होतात. पुढची २० मिनिटं त्यासाठीच : या ओळीतलं बदलायला कोण बांधील आहे? शेजारी, शाळा, की शासन? कविता या प्रश्नावर कच्ची पडते. ती दाखवते, जबाबदारी नेमून देत नाही. त्यामुळे हा भाग वगळला तर मुलं हळवी होऊन घरी जातात, आणि हक्क ही मागता येण्याजोगी गोष्ट आहे हे राहूनच जातं. ज्यांना पुढे काही करायचं असेल त्यांनी वेगळ्या कागदावर चार ओळींचं पत्र लिहावं : कुणाला, काय घडतं, कुठलं कलम, कुठला एक बदल हवा. कवितेचंच पत्र करू नका, दोन्ही बिघडतात.

एखादी ओळ एखाद्या समूहाला हिणवणारी निघाली तर? वाचन तिथे थांबवा, पण लिहिणाऱ्याला सगळ्यांसमोर धारेवर धरू नका. नंतर एकट्याला विचारा : ही ओळ कुणाच्या कृतीवर आहे, की कुणाच्या जन्मावर? मत मांडण्याच्या १९ व्या कलमासोबत इतरांच्या हक्कांची मर्यादा सांगणारं २९ वं कलमही आहे, ते तेव्हा वाचा.

कवितेतून कुणी मारहाणीबद्दल किंवा अत्याचाराबद्दल सांगून गेलं, तर त्या क्षणी ती कविता म्हणून तपासायची नसते. त्याच दिवशी, बाजूला, शांतपणे : 'वाचलं. लिहिलंस ते बरं केलंस. मला याबद्दल काळजी वाटते.' खोदून प्रश्न विचारू नका, गुप्ततेचं वचन देऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि संस्थेत बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या माणसाकडे त्याच दिवशी, तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे, पोचवा. हा माणूस कोण, हे माहीत नसेल तर सत्र घेऊच नका.

गुण देऊ नका. द्यावेच लागले तर पट्टी कुठे ठेवली आणि का, या युक्तिवादाला द्या, कवितेला नाही. स्पर्धा तर मुळीच नको. बक्षीस सर्वांत रडवणाऱ्या कवितेला जातं, आणि पुढच्या वेळी सगळेच आपलं सर्वांत दुखरं विकायला काढतात. मोठ्यांनी शेवटची ओळ 'आशादायी' करून देणं हाही तसलाच प्रकार. मुलाला शेवट कडू ठेवायचा असेल तर राहू द्या.

भिंतीवर लावणं, छापणं, इंटरनेटवर टाकणं, या तिन्हींना वेगवेगळी परवानगी घ्या, प्रत्येक कवितेची स्वतंत्र. गटाची एकदाच सही घेऊन मोकळं होऊ नका. नाव, टोपणनाव की निनावी, हे मुलाने ठरवावं, आणि 'नको' म्हणायला आठवडाभराची मुदत द्यावी. भिंतीवरचा कागद काढता येतो, इंटरनेटवर गेलेला परत येत नाही, हा फरक मुलांपेक्षा त्यांच्या पालकांना जास्त समजावावा लागतो.

सत्र संपल्यावर खुर्च्यांवर, खिडकीत, पाण्याच्या टाकीजवळ घड्या घातलेले कागद राहतात. काही विसरलेले असतात, काही मुद्दाम ठेवलेले, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. घडी उघडायची नाही. एका पाकिटात घालून ठेवा, पुढच्या भेटीत पाकीट मध्यभागी ठेवून सांगा की कुणीही आपला कागद न सांगता उचलून न्यावा. दोन भेटींनंतर जे उरतील ते न वाचता फाडून टाका, मुलांच्या देखत.